लॉगबुकातले तास आणि पंखातले तास

छोट्या विमानांचे मालक, फ्लाइंग क्लबांच्या कार्यकारिणी आणि वैमानिक प्रशिक्षण संस्थांचे चालक यांस,

सप्रेम नमस्कार.

पंखाच्या स्पारबद्दल, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या आतल्या मुख्य तुळईबद्दल, नवा सक्तीचा उड्डाणयोग्यता आदेश, म्हणजे आपल्या बोलीतला 'एडी', निघाला की हँगरमध्ये काय ऐकू येतं ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. "आलं का पुन्हा नवीन लचांड?" "इतकी वर्षं उडतंय, कधी काही झालं नाही." "त्यांना बसल्या जागी कागद काढायला काय जातंय!" या बोलण्याचा मला राग येत नाही. स्पारचं काम निघालं की विमान कधीकधी महिनोन् महिने जमिनीवर उभं राहतं, सुटे भाग वेळेवर येत नाहीत, आणि शेवटी बिल तुमच्या हातात ठेवणारा माणूस मीच असतो. त्यामुळे एडीची वकिली करायला मी हे पत्र लिहीत नाही. मला तुमच्याशी लॉगबुकाबद्दल, म्हणजे विमानाच्या उड्डाणांच्या आणि तपासण्यांच्या नोंदवहीबद्दल, बोलायचं आहे. पंखाबद्दलचा कुठलाही सक्तीचा आदेश शेवटी त्या वहीवर उभा असतो, आणि ती वही आपण सगळे मिळून ज्या सैल हाताने लिहितो त्याची मला भीती वाटते.

४ एप्रिल २०१८ ला फ्लोरिडातल्या डेटोना बीच इथे पायपर पीए-२८आर-२०१ जातीच्या विमानात व्यावसायिक पायलटची परीक्षा चालू होती. टच-अँड-गो करून, म्हणजे चाकं टेकवून न थांबता पुन्हा उडून, विमान वर चढत असताना डावा पंख तुटून वेगळा झाला. विद्यार्थी आणि परीक्षक दोघेही गेले. विमान म्हातारं म्हणावं असं अजिबात नव्हतं. २००७ साली बांधलेलं, सुमारे ७,६९० तास उडालेलं. आपल्यापैकी अनेकांची विमानं याहून कितीतरी जुनी आहेत. पण त्या तासांत त्याची लँडिंग झाली होती ३३ हजारांहून जास्त. भागाकार करून बघा, तासाला चारपेक्षा जास्त वेळा ते जमिनीला टेकलं होतं. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाने, तुटलेला स्पार तपासला तेव्हा त्याच्या खालच्या कॅपचा, म्हणजे खालच्या कडेच्या पट्टीचा, ८० टक्क्यांहून अधिक छेद थकव्याच्या, म्हणजे वारंवार ताण पडून येणाऱ्या, तड्याने आधीच खाल्लेला निघाला. उरलेल्या पातळ पट्टीवर तो पंख शेवटची काही उड्डाणं करत होता. त्याच ताफ्यातलं आणखी एक विमान तपासलं, तर त्याच्याही स्पारला त्याच जागी तडा.

तार मोडायची असेल तर आपण ती ओढत बसत नाही. वाकवतो, सरळ करतो, पुन्हा वाकवतो. पंखाचं तसंच होतं. उडताना पंख वर वाकू बघतो आणि स्पारची खालची कॅप ताणली जाते. चाकं टेकली, वजन जमिनीवर आलं की ताण सुटतो. पुन्हा उड्डाण, पुन्हा ताण. पोलादाचं बरं असतं, ताण एका मर्यादेच्या खाली राहिला तर ते जवळजवळ कितीही फेरे सोसतं. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. छोटा ताणही कुठेतरी जमा होत राहतो. आणि जमा होतो तो नेमका जिथे धातूत भोक आहे, म्हणजे पंख फ्यूजलाजला (विमानाच्या धडाला) जोडणाऱ्या बोल्टांच्या भोकांत.

तिथे काय दिसतं, ते एकदा तरी माझ्या शेजारी उभं राहून बघा अशी माझी इच्छा आहे. वाकून पंखाखाली शिरायचं, पॅनल काढायचं, टॉर्च आणि आरसा आत घालायचा. आतला हिरवा-पिवळा प्रायमर, बोल्टचं डोकं, वॉशर. सगळं ठाकठीक. डोळ्याला काहीच कळत नाही, कारण तडा असला तर तो बोल्टच्या मागे, भोकाच्या आतल्या भिंतीत सुरू झालेला असतो. म्हणून बोल्ट काढावा लागतो. मग पेन्सिलीएवढ्या जाडीचा प्रोब त्या भोकात हळूहळू फिरवायचा. प्रोबमधल्या वेटोळ्यातून उलटसुलट प्रवाह जातो, त्याने भोकाच्या भिंतीत लहान लहान भोवरे-प्रवाह तयार होतात, आणि वाटेत तडा आला की ते भोवरे अडखळतात. पडद्यावरची रेघ एकदम उसळी घेते. हीच एडी करंट तपासणी. (आदेशालाही एडी म्हणायचं आणि तपासणीलाही एडी, त्यामुळे हँगरमधे होणारे गोंधळ हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.) रेघ सपाट राहिली तर तो दिवस चांगला जातो. उसळली, तर प्रोब बाहेर काढायचा, भोक पुसायचं, पुन्हा फिरवायचं, आणि पुन्हा उसळली की मालकाला फोन करायचा. तो फोन करायला मला कधीच आवडलेलं नाही.

डेटोनाच्या अपघाताला एक जुना भाऊ होता. मार्च १९८७ मध्ये टेक्सासात मार्लिनजवळ याच कुळातलं एक पायपर पाइपलाइनची गस्त घालत असताना पंख तुटून पडलं. तासही जवळपास तितकेच, साडेसात हजारांच्या आतबाहेर. त्यानंतर तपासणीचा सक्तीचा आदेश निघाला. पण तपासलेल्या विमानांत तडे क्वचितच सापडले, पाइपलाइनचं विमान कायम जमिनीलगत, हवेच्या खड्ड्यांतून उडत असे, त्याचा वापरच जगावेगळा होता असं ठरलं, आणि १९८९ साली आदेश मागे घेतला गेला. त्या वेळच्या माहितीवर तो निर्णय अगदी वेड्यासारखा होता असं मी म्हणणार नाही. पण 'जगावेगळा वापर' या दोन शब्दांपाशी मी थांबतो. एका विमानाचा वापर जगावेगळा होता हे आपल्याला अपघातानंतर कळलं. बाकीच्या हजारोंचा कसा होता हे कुणी, कशावरून ठरवलं?

आता नव्या आदेशाकडे या. डेटोनानंतर अमेरिकेच्या एफएएने (तिथल्या विमान वाहतूक नियामकाने) पीए-२८ आणि पीए-३२ कुळातल्या विमानांसाठी जो एडी काढला तो फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. सरसकट सगळ्यांचे बोल्ट काढायचे नाहीत, ज्यांच्या पंखांनी खरे कष्ट केले आहेत त्यांचेच काढायचे, असा त्याचा विचार. विचार चांगला आहे. पण कष्ट मोजायचे कसे? पंखाला मीटर नसतो. म्हणून त्यांनी लॉगबुकातल्या शंभर-तासी तपासण्या मोजायला सांगितल्या. भाड्याने किंवा प्रशिक्षणाला दिलेल्या विमानाला दर शंभर तासांनी तपासणी लागते, तेव्हा जितक्या तपासण्या तितके शंभर तास कष्टाचे. उरलेले तास खासगी, हलक्या हाताचे, म्हणून त्यांना १७ ने भागायचं. दोन्हींची बेरीज ५,००० वर गेली की तपासणी करा.

हिशेब करून बघू. एका विमानाचे एकूण ८,००० तास झालेत आणि लॉगबुकात शंभर-तासी तपासण्या दिसतात ३०. म्हणजे ३,००० तास कष्टाचे. उरलेले ५,००० भागिले १७, साधारण २९४. बेरीज ३,२९४. विमान आदेशाच्या कक्षेबाहेर, मालक खूश. आता धरून चाला की खरं तर ते विमान ६,००० तास विद्यार्थ्यांच्या हातात होतं, पण निम्म्या काळात कुणी शंभर-तासी तपासणी केलीच नाही, कारण 'आपापसातलंच उडवणं आहे, भाड्याने कुठे देतोय' असा समज करून घेतला होता. मग खरी बेरीज होते ६,००० अधिक २,००० भागिले १७, म्हणजे सुमारे ६,११८. पंख तोच, बोल्ट तेच, भोकातला तडा असलाच तर तोही तोच. फरक फक्त वहीत.

आदेश लिहिणारे अगदीच भोळे नव्हते. नोंदी हरवलेल्या किंवा अपुऱ्या असतील तर तपासणी करा, वापरलेला स्पार बसवला असेल तरी करा, असंही त्यात आहे. पण हरवलेलं लॉगबुक निदान हरवलंय हे कळतं. जी नोंद कधी झालीच नाही तिची पोकळी कुणाला दिसणार? आणि उलटी गंमत अशी की ज्या मालकाने गरज नसताना, केवळ काळजीपोटी, दर शंभर तासांनी विमान तपासून घेतलं, त्याच्याच विमानाचे तास कागदावर फुगतात. अशा एखाद्याची चिडचिड होणं मी समजू शकतो. त्याला मी एवढंच म्हणेन की बोल्ट काढून निश्चिंत झोपणारा तू एक आहेस.

तुमच्या तक्रारींतली एक तक्रार मला पूर्ण पटते. बोल्ट काढणं हे निरुपद्रवी काम नाही. वर्षानुवर्षं घट्ट बसलेला बोल्ट ठोकून बाहेर काढताना भोकाच्या भिंतीवर ओरखडा उठू शकतो, आणि तो ओरखडाच उद्याच्या तड्याची सुरुवात ठरू शकतो. म्हणजे निरोगी पंख तपासणीने आजारी पाडायचा. ही भीती खरी आहे आणि तिच्यावर उपाय एकच, ज्याचे हात या कामात बसलेत त्याच्याकडूनच काम करून घेणं. वजन बोल्टवर राहणार नाही असा पंखाला आधार द्यायचा, बोल्ट फिरवत नव्हे तर सरळ बाहेर काढायचा, भोक नंतर भिंगाखाली बघायचं, नवा बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायचा. 'कमी पैशात, दोन दिवसांत करून देतो' म्हणणाऱ्याला पंखाला हात लावू देऊ नका. आदेशातली पद्धत तुमच्या विमानाला बसत नसेल तर पर्यायी पद्धत मंजूर करून घेण्याची वाट कायद्याने ठेवलेली असते. ती लांबची आहे, पण आहे.

आणि आदेश काढणाऱ्यांनाही जाता जाता एक शब्द. सुटे स्पार बाजारात नसताना मुदत घालून दिली की मालक काय करतो, तर भंगारातल्या विमानाचा स्पार शोधतो. ज्याचा इतिहास कुणालाच माहीत नाही असा. मुदतीबरोबर भाग कुठून येणार याचाही विचार झाला तर आमचं निम्मं काम सोपं होईल.

माझा मुद्दा मात्र तुमच्याशी आहे, म्हणून वहीकडे परत येतो.

काही वर्षांपूर्वी एक उंच पंखांचं प्रशिक्षण विमान माझ्याकडे वार्षिक तपासणीला आलं. लॉगबुक उघडलं. तीन महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात, एकाच दाबाने. रोजच्या रोज लिहिलेलं पान असं दिसत नाही. त्यात कधी निळी शाई, कधी काळी, एखादा तेलाचा अंगठा, एखादी घाईची सही असते. हे पान एका बैठकीत लिहिलेलं होतं. एकही हार्ड लँडिंग, म्हणजे जमिनीवर जोरात आदळून उतरणं, नोंदलेलं नव्हतं. मी इंजिनाचं काऊलिंग (वरचं झाकण) काढलं तर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या, खालच्या भागाला, जिथे पुढचं चाक बसतं तिथे, पत्र्याला सुरकुत्या. बोट फिरवलं तर बोटाला लागणाऱ्या. दोन रिव्हेटांच्या मागे काळपट धुरकट रेघ, म्हणजे रिव्हेट सैल होऊन हलत होते आणि घासून निघालेली ॲल्युमिनियमची भुकटी वाऱ्याने मागे पसरत होती. पत्रा एवढा वळायला एक दणका पुरत नाही, किंवा मग तो एकच फार मोठा असावा लागतो. पुढच्या चाकाने एवढं सोसलं असेल तर पंखाच्या मुळाने काय सोसलं, हा माझा पुढचा प्रश्न होता. त्याचं उत्तर वहीत नव्हतं.

मी कुणाला जाब विचारला नाही, फक्त हँगरमध्ये सगळ्यांसमोर तो पत्रा दाखवला. दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थी एकटा येऊन म्हणाला, "सर, दणका माझ्या हातून बसला होता. पण सांगितलं असतं तर उड्डाणं थांबली असती आणि दुरुस्तीचे पैसेही माझ्याच नावावर लागले असते." त्या पोराचं मला काही चुकलंय असं वाटलं नाही. चूक नियम करणाऱ्यांची होती. जिथे खरं बोलण्याची किंमत खिशातून जाते तिथे विमान खोटं बोलायला शिकतं. कार्यकारिणीत बसलेल्या मंडळींना माझी पहिली विनंती हीच आहे. हार्ड लँडिंग स्वतःहून सांगणाऱ्याला दंड, समज, बंदी यातलं काहीही करू नका. न सांगता लपवलेलं सापडलं तर जे करायचं ते करा. हा एक ठराव पुढच्या बैठकीत मांडला तर त्याने जेवढे तडे वेळेत सापडतील तेवढे माझ्या प्रोबला सापडणार नाहीत.

वय तासांत मोजता येतं यावरही फार विसंबू नका. मे २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळ भूगर्भ सर्वेक्षणासाठी कमी उंचीवर उडणाऱ्या सेस्ना टी२१० एम विमानाचा पंख तुटला आणि दोन्ही वैमानिक गेले. तास १२ हजारांच्या वर होते हे खरं, पण थकव्याचा तडा सुरू झाला होता तो गंजाच्या एका बारीक खळग्यातून. दोन्ही पंखांना केबिनच्या छतावरून जोडणाऱ्या मधल्या स्पारवर तो खळगा होता. ही जागा छताच्या अस्तरामागे असते. पाहुण्यांना बसवण्याआधी ते अस्तर झटकून स्वच्छ करणारे मालक मी पाहिलेत. अस्तर काढून वर बघणारे फार थोडे. २०२० साली या जातीच्या विमानांसाठी सक्तीच्या तपासणीचा आदेश निघाला, आणि त्यात तडा शोधण्याबरोबर गंज साफ करणं, संरक्षक थर देणं हेही आलं. गंजाला तुमचे तास कळत नाहीत. विमान वर्षभर झाकून ठेवलं तरी त्याचं काम चालूच असतं. उलट झाकून ठेवलेल्या विमानात ओल जास्त मुरते.

तडा सापडल्यावर पट्टी मारून मोकळं होण्याचा मोहही होतो. तो आवरा. चॉक्स ओशन एअरवेजचं ग्रुमन मॅलर्ड, १९४७ साली बांधलेलं पाण्यावरचं विमान, डिसेंबर २००५ मध्ये मायामीहून उडताच उजवा पंख तुटून कोसळलं. विमानातले वीसच्या वीस जण गेले. त्या पंखाच्या तुटलेल्या भागात आधी दुरुस्त्या झाल्या होत्या. पत्र्याला ठिगळ लागलं होतं, इंधन गळत होतं म्हणून सीलंट भरलं होतं. गळती थांबवण्याचा उपाय केला गेला, गळती कशामुळे होते याचा शोध घेतला गेला नाही, आणि ठिगळाखाली तडा वाढत राहिला. पंखातून इंधन झिरपत असेल तर ती टाकीची तक्रार समजू नका. मी तरी आधी स्पार बघतो.

तेव्हा माझं मागणं थोडकंच आहे. हार्ड लँडिंगची नोंद त्याच दिवशी, उडवणाऱ्याच्याच हाताने व्हावी, आणि पुढचं उड्डाण कुणीतरी पंखाखाली वाकून बघितल्याशिवाय होऊ नये. विमान कुणाच्या हातात, कशासाठी उडालं हे तासांसोबत लिहा. टच-अँड-गो किती झाले तेही लिहा. त्यासाठी वहीत एक रकाना वाढवावा लागेल, तेवढंच. शंभर-तासी तपासणी कायद्याने लागत नसेल तरी शिकणारे विमान उडवत असतील तर करा, आणि केली असं लिहा. विमान विकताना नको त्या नोंदी गाळू नका. घेणाऱ्याला तुम्ही एक पंख विकताय, आणि त्याला त्याचं खरं वय माहीत असण्याचा हक्क आहे. तपासणीत काही सापडलं किंवा नाही सापडलं तरी त्याचा अहवाल जिथे पाठवायचा तिथे पाठवा. १९८९ साली जे ठरलं ते त्या वेळी हातात असलेल्या अहवालांवरच ठरलं होतं.

मी माझ्यापुरतं एक ठरवलंय. यापुढे माझ्याकडे पंखाच्या कामासाठी विमान आलं की एका बैठकीत लिहिलेलं पान मी लॉगबुक म्हणून धरणार नाही. ते तास कष्टाचेच धरणार, १७ ने भागणार नाही. काहींना हे आवडणार नाही, त्यांनी दुसरीकडे जावं.

आणि ज्यांना यायचंय त्यांनी येताना सगळी जुनी लॉगबुकं सोबत आणावीत. अगदी पहिल्यापासूनची, पानं सुटलेली असली तरी. पॅनल उघडायच्या आधी मी ती वाचणार आहे.

आपला,
एक विमान देखभाल इंजिनिअर